मोहनच्या खिशात किती पैसे आहेत?

मधूनच वाचायला आलेल्यांसाठी मूळ प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. प्रश्नकर्ते 48 पानांचं कॉमिक काढतायत. नायक मोहन, वय 36, राहायला बदलापूर, नोकरी दादरला एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. एक दिवस त्याच्या हाती खोटं बिल लागतं, आणि तिथून गोष्ट सुरू होते. मोहनला मुद्दाम सामान्य ठेवलाय, कुठलीही शक्ती वगैरे नाही. 22 पानं इंक करून, म्हणजे शाईने पक्की करून झालीत. सात-आठ जणांना दाखवली. सगळे म्हणाले चित्रं छान आहेत, पण मोहन कोणाच्याच लक्षात राहिला नाही. एका मित्राने सल्ला दिला की याला एखादी पॉवर देऊन टाक. प्रश्न असा की सामान्य माणूस कॉमिकचा नायक होऊ शकतो का, की हे माध्यमच टोपी-झग्यावाल्यांसाठी आहे? सोबत पान 3, 8 आणि 19 जोडली आहेत.

मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. मुलांची मासिकं, दिवाळी अंक, अधूनमधून सरकारी माहितीपुस्तिका, आणि पोट भरण्यासाठी पाठ्यपुस्तकांतली चित्रं. तुमची तीन पानं दोनदा वाचली. हात चांगला आहे, तिथे मी काही बोलणार नाही. तुमचा प्रश्न मात्र मी जरा बदलून घेतो. सामान्य माणूस नायक होतो की नाही, हे कधीच ठरून गेलंय, होतो. तुमची अडचण अशी आहे की तुम्ही सामान्यचा अर्थ सरासरी असा घेतलात. सरासरी उंची, सरासरी चेहरा, फिकट शर्ट, नाव मोहन. कोणासारखाही वाटावा म्हणून तुम्ही त्याच्यातलं एकेक काढत गेलात आणि शेवटी उरला तो पासपोर्ट फोटो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी मान्य करतो. रोजची तीन-चार चौकटींची पट्टी असेल तर सामान्य पात्राला फार काही लागत नाही. 'चिंटू' 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला तेव्हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी त्याला काहीही विशेष दिलं नव्हतं. एक मध्यमवर्गीय घर, आई-पप्पा, मित्र, शाळा. पण तो रोज सकाळी चहाबरोबर यायचा. रोज दिसणारा शेजारी आपोआप ओळखीचा होतो, तसं. तुमच्या मोहनला ही सोय नाही. तो वाचकाला एकदाच भेटणार, 48 पानांत, कदाचित एकाच बैठकीत. त्याची ओळख पहिल्या चार पानांत व्हायला हवी. दुसरं, तुमचं कॉमिक मोठ्यांसाठी आहे असं मी धरून चाललोय. मुलांसाठी असेल तर पुढचं निम्मं उत्तर लागू होणार नाही.

आता आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण घेऊ, कारण तुम्ही नकळत त्याचीच नक्कल करताय. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. 1951 पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावर. लक्ष्मण यांनी सुरुवातीला गर्दीच काढायचा प्रयत्न केला होता. देशातला सामान्य माणूस दाखवायचा तर बंगाली हवा, तमिळ हवा, पंजाबी हवा, म्हणून चित्रात सगळे. पण रोजच्या अंकाची वेळ काही थांबत नाही. चित्र वेळेत द्यायचं तर माणसं कमी करा. करत करत एकच उरला, धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा, झुपकेदार मिशा आणि टकलाच्या मागे उडालेले केस असा.

नीट बघा, हा माणूस सरासरी आहे का? अजिबात नाही. त्या काळातही धोतरावर चौकड्यांचा कोट घालून रोज फिरणारी माणसं मोजकीच असतील, आणि नंतरच्या दशकांत तर तो मंत्र्यांच्या केबिनमध्ये, विमानतळावर, परदेशी शिष्टमंडळात, सगळीकडे त्याच वेशात. तो कोट म्हणजे त्याचा गणवेश आहे. सुपरहिरोला जसा झगा, तसा याला कोट. नुसती काळी सावली काढली तरी तो ओळखू येतो, आणि पुण्यात सिम्बायोसिसमध्ये त्याचा पुतळा उभा राहू शकला तो त्यामुळेच. मोहनची सावली काढून बघा. पान 3 वर डब्यात अकरा माणसं आहेत. सगळ्यांना काळं केलं तर त्यातला मोहन कुठला, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

लक्ष्मण यांच्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे तो कुठे उभा असतो. बहुतेक वेळा कडेला. मधे पुढारी बोलतोय, साहेब बोलतोय, बायको बोलतेय (तिला मात्र ठाम मतं आहेत), आणि हा बाजूला उभा राहून नुसता बघतोय. बोलण्याचा फुगा नाही. तो बोलतच नाही, त्यामुळे वाचक त्याच्या जागी स्वतःचं बोलणं घालतो. चौकटीतल्या जागेचा असा हिशेबी वापर मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

पण इथेच तुमची गाडी रुळावरून घसरलीय. हा साक्षीदार आहे, नायक नाही. एका चौकटीत तो पुरतो, कारण गंमत बाजूच्या माणसाच्या बोलण्यात असते. त्याच कॉमन मॅनला 48 पानं चालवा म्हटलं तर पान 6 पर्यंत त्याचं गप्प बसणं त्रासदायक व्हायला लागेल. तुमचा मोहन 19 पानं नुसता बघतोय. लोकलमधून बघतोय, खिडकीतून बघतोय, साहेबाकडे बघतोय. वाचक कंटाळला तर त्याची काय चूक?

साक्षीदारालाच मोठ्या गोष्टीचा नायक करायचं असेल तर 1994 चं 'मार्व्हल्स' हे चार अंकांचं अमेरिकन कॉमिक मिळवून वाचा. लेखन कर्ट ब्युसिक, चित्रं अ‍ॅलेक्स रॉस. त्यात मार्व्हल कंपनीचे सगळे सुपरहिरो आहेत, पण गोष्ट फिल शेल्डन नावाच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराची. रॉस यांनी कॅमेरा रस्त्यावर ठेवलाय. वीर बहुतेक वेळा खालून दिसतात, अर्धे चौकटीबाहेर गेलेले. एका चित्रात जायंट मॅन गर्दीच्या डोक्यावरून पाऊल टाकून जातो आणि आपल्याला मुख्यतः दिसतात ती खालची माना वर केलेली माणसं. चित्रकार म्हणून शिकण्यासारखं आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. फिलला बघण्याची किंमत मोजावी लागते. त्याचा एक डोळा जातो. दुसऱ्या अंकात म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती असलेल्या लोकांविरुद्ध जमाव जमतो, त्यात हाही असतो आणि वीट फेकतो. मग घरी येऊन कळतं की आपल्याच मुलींनी एका म्युटंट मुलीला घरात लपवलंय. आता काय करशील? इतका वेळ फोटो काढत होतास, आता तुझ्या घरात आहे.

(जाता जाता एक गंमत. शेवटी फिल वीरांना कंटाळून पेपर टाकणाऱ्या एका साध्यासुध्या पोराबरोबर फोटो काढून घेतो. त्या पोराचं नाव डॅनी केच. मार्व्हल वाचणाऱ्यांना ठाऊक असतं की हाच मोठेपणी घोस्ट रायडर नावाचा सुपरहिरो होतो. सामान्य माणूस शोधायला निघालेल्या लेखकाने स्वतःलाच काढलेला चिमटा आहे तो.)

आता तुमच्या मित्राचा सल्ला. पॉवर दे म्हणतो. मला तो सल्ला चुकीचा वाटत नाही, फक्त तुमच्या दुखण्यावरचा तो उपाय नाही. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन 1962 मध्ये आला. त्याला पॉवर मिळाल्यावर काय झालं? पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा स्वतंत्र अंक निघाला, त्याच्या पहिल्याच गोष्टीत एक प्रसंग आहे. घरी पैशांची चणचण, म्हणून पीटर पार्कर, म्हणजे वेशाआडचा पोरगा, स्पायडरमॅनच्या वेशात खेळ करतो. मालक रोख देत नाही, चेक देतो, स्पायडरमॅनच्या नावाचा. हा चेक घेऊन बँकेत जातो, तर काउंटरवरचा माणूस ओळखपत्र मागतो. हा म्हणतो, माझा वेश बघा की. तो म्हणतो, वेश कोणीही घालेल. चेक वटत नाही.

मी शिकवायला बसलो की ही अर्ध्या पानाची गोष्ट हमखास सांगतो. भिंतीवर चढता येतं, पण बँकेच्या खिडकीवर काही चालत नाही. डिटको यांनी काढलेला पोरगाही काडीसारखा होता. आधी जॅक कर्बी या दुसऱ्या चित्रकाराने सुरुवातीची काही पानं काढून पाहिली होती, ती लींना फार वीरासारखी वाटली म्हणून काम डिटकोंकडे गेलं, असं स्वतः ली सांगत असत. म्हणजे तिथेही सामान्यपणा ठरला तो खांद्याच्या रेषेत आणि बँकेच्या खिडकीत. पॉवर असो वा नसो, तुम्हाला ती खिडकी शोधावी लागेल. ती न शोधता पॉवर दिलीत तर मोहन उडायला लागेल आणि तरीही लक्षात राहणार नाही.

आपल्या चाचा चौधरींकडेही या नजरेने बघण्यासारखं आहे. प्राण यांनी लाल पगडीचा, काठीवाला म्हातारा घेतला, कुठल्याही गल्लीत दिसेल असा. ताकद लागते तिथे गुरू ग्रहावरचा साबू ठेवला. मारामारी साबूकडे, डोकं चाचांकडे. म्हणून चाचा शेवटपर्यंत घरगुती राहू शकले. 'टिंकल'मधला शिकारी शंभू अजून वेगळ्या युक्तीचा. वसंत हळबे यांनी त्याची हॅट डोळ्यांवर अशी ओढून ठेवली की डोळे कधी दिसलेच नाहीत. तो भित्रा आहे हे आपल्याला माहीत, गावाला माहीत नाही. डोळे झाकले म्हणून घाबरलेला चेहरा लोकांपासून लपतो, आणि भीती सगळी गुडघ्यांत आणि ढेंगांत उतरते. एका हॅटवर केवढं काम काढलंय बघा.

इथपर्यंतचं थोडक्यात: तुमचा माणूस सावलीवरून ओळखता आला पाहिजे, तो साक्षीदार आहे की कर्ता हे तुम्ही ठरवलं पाहिजे, आणि त्याला कुठेतरी अडवणारी खिडकी पाहिजे. शेवटचा मुद्दा मला स्वतःला बराच उशिरा कळला. कसा, ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी सहा पानी चित्रकथा करायची होती. विषय मीच सुचवला, एसटीचा कंडक्टर. खाकी कपडे, जाड मिशी, दयाळू डोळे. गोष्ट अशी की तो बसमध्ये पाकीटमाराला पकडतो. पेन्सिलीतली पानं घेऊन संपादिकाबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला, पानं शांतपणे पाहिली आणि एकच विचारलं, "याच्या खिशात आत्ता किती पैसे आहेत?"

मी म्हटलं, असतील शंभर-दोनशे. त्या म्हणाल्या, "असतील म्हणजे? कंडक्टर आहे ना तो? त्याला माहीत नसेल का?"

घरी आलो तेव्हा रागच आला होता. दुसऱ्या दिवशी डेपोत गेलो आणि तीन दिवस वेगवेगळ्या गाड्यांतून नुसता फिरलो, जाऊन-येऊन. तेव्हा दिसलं की कंडक्टरचा अख्खा दिवस सुट्ट्या पैशांत जातो. 37 रुपयांचं तिकीट, बाई 100 ची नोट देते, याच्याकडे सुट्टे नाहीत. मग तिकिटाच्या मागे 63 लिहून देतो, "उतरताना घ्या". बाई उतरताना पिशव्या, नातू, छत्री सांभाळत उतरते आणि विसरते. डबल बेल झालेली असते, गाडी निघते. आता ते 63 रुपये कोणाचे? याचे नाहीत. महामंडळाचेही नाहीत. आणि मधेच तपासणीवाले चढले तर हिशेबापेक्षा रोकड कमी निघाली तरी उत्तर द्यायचं, जास्त निघाली तरी उत्तर द्यायचं.

पाकीटमार उडाला. नवी गोष्ट त्या 63 रुपयांची केली. कंडक्टर परतीच्या फेरीत त्या स्टॉपवर मान बाहेर काढून बाईला शोधतो, ड्रायव्हर वैतागतो, मागून लोक ओरडतात, पुढच्या फाट्यावर तपासणीची गाडी उभी दिसते. मारामारी नाही, पळापळ नाही. सहा पानांत एकच प्रश्न, पैसे परत जातात की हा अडकतो. चेहरा मी फारसा बदलला नाही. पण आता त्याचा डावा हात सतत पैशांच्या पिशवीवर होता, प्रत्येक चौकटीत, झोप लागल्यावरसुद्धा. अंक आल्यावर पत्रं आली. बहुतेकांनी कंडक्टरचं कौतुक केलंच नाही, आपले कुठे कुठे किती रुपये राहिले होते तेच लिहिलं. एकांनी तर गाव, गाडीची वेळ आणि साडेअकरा रुपये असा तपशील कळवला होता. अजून राग होता.

तेव्हापासून माझी सामान्य माणसाची व्याख्या एवढीच आहे: ज्याला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं तो. साहेबाला, घरमालकाला, बायकोला, तपासणीवाल्याला, बँकेच्या खिडकीला. वीराला असं कोणी थांबवून विचारत नाही. पीटर पार्करला विचारलं, म्हणून तो आपला झाला. फिल शेल्डनला घरी मुलींनी विचारलं. मोहनला तुम्ही जोडलेल्या तीन पानांत कोण काय विचारतं? मी शोधलं. पान 8 वर चहावाला विचारतो, "साखर कमी?" बस्स.

गंमत म्हणजे तुम्ही त्याला अकाउंट्समध्ये बसवलाय. म्हणजे उत्तर मागणं हीच ज्याची नोकरी, असा माणूस तुमच्या हातात आहे आणि तुम्ही त्याला खिडकीबाहेर बघत बसवलंय! खोटं बिल पान 19 ला कशाला? पान 4 ला आणा. आणि बिल तिसऱ्याच कोणाचं असण्यापेक्षा त्यावर मोहनचीच सही असू दे. गेल्या महिन्यात घाईत, लोकल चुकेल म्हणून, न वाचता केलेली. आता तो बघ्या राहत नाही. गप्प बसला तरी उत्तर द्यावं लागेल, बोलला तरी द्यावं लागेल. माझ्या कंडक्टरची रोकड कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही, तसंच हे.

चेहऱ्याबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही लिहिलंय की वाचकाला स्वतःला त्यात बघता यावं म्हणून चेहरा मुद्दाम कोरा ठेवला. हा विचार कुठून आला ते ठाऊक आहे. स्कॉट मॅक्लाउड यांच्या कॉमिक्सच्या भाषेवरच्या 1993 च्या पुस्तकातलं ते म्हणणं आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे: चेहरा जितका साधा तितका वाचक त्यात सहज शिरतो, आणि मागची दुनिया मात्र तपशिलाने भरलेली चालते, 'टिनटिन' या बेल्जियन कॉमिकमध्ये आहे तशी. मला ते पटतं. पण लोक त्यातलं पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं विसरतात. टिनटिनचा चेहरा म्हणजे दोन ठिपके, पण त्याचं बंदर बघा, जहाजाच्या दोऱ्या बघा. तुमच्या पान 3 वर चेहरेही कोरे आणि डबाही कोरा. लोकलचे हँडल सगळे एकाच कोनात, पंख्यावर धूळ नाही, दारात कोणी लटकलेलं नाही, सकाळच्या गर्दीत एकही बॅग पोटाशी धरलेली नाही. चेहरा साधा ठेवा, हरकत नाही. शरीर साधं ठेवून चालणार नाही. सामान्य माणसाची सगळी गोष्ट त्याच्या बसण्यात असते.

बसण्यावरून सांगतो. मोहनला तुम्ही खिडकीत बसवलाय. बदलापूरला, सकाळी, कर्जतहून भरून आलेल्या गाडीत खिडकी? एखाद दिवशी मिळेलही, पण मग तोच दिवस गोष्टीचा विषय व्हायला हवा. त्याला चौथ्या सीटवर बसवा. तिघांच्या बाकावर चौथा, "जरा सरकून घ्या" म्हणून मिळवलेली सहा इंच जागा. एक ढुंगण आत, एक हवेत, डावा पाय पॅसेजमध्ये रोवलेला, बॅग मांडीवर, आणि बाजूने जाणारा प्रत्येक माणूस गुडघ्याला घासून जातोय. तोल सांभाळायला पोटरी ताणलेली. ही बसण्याची तऱ्हा म्हणजे मोहनचा चौकड्यांचा कोट. मग तेच पुढे चालवा. साहेबाच्या केबिनमध्येही तो खुर्चीच्या काठावर तसाच बसतो, अर्धा. घरी सोफ्यावरही, शेजारी रिकामी जागा असताना. वाचकाला तुम्ही काहीच सांगायचं नाही. आणि गोष्टीत तो केव्हातरी पूर्ण टेकून बसेल, ती चौकट कुठे येते याचा विचार आत्ताच करून ठेवा.

फुग्यांकडे वळू. पान 8 वर मोहन चहा पिताना म्हणतो, "आपल्यासारख्या सामान्य माणसाचं कोण ऐकतं?" हे वाक्य काढून टाका. 'सामान्य माणूस' हा शब्द पेपरवाले, पुढारी आणि आपण लेखक वापरतो. अकाउंट्समधला माणूस चहा पिताना म्हणेल, "जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय," आणि ते म्हणताना बिस्किट बुडवेल आणि ते तुटून चहात पडेल. तुमचा मुद्दा बिस्किटाने सांगितला. मी तर नवीन मुलांना सांगतो की पहिल्या रफमध्ये नायकाचे निम्मे फुगे खोडा. उरलेल्यांवर गोष्ट कळत नसेल तर चित्रं कमी पडतायत.

कंटाळा दाखवायचा आणि कंटाळा आणायचा नाही, हे सगळ्यांत अवघड, आणि त्यात वस्ताद म्हणजे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे हार्वी पीकर. एका सरकारी इस्पितळात फायली लावणारे कारकून. 1976 पासून त्यांनी स्वतःच्याच रोजच्या जगण्याची कॉमिक्स स्वखर्चाने काढली. त्यांना चित्र काढता यायचं नाही. काड्यांची माणसं आखून चौकटी लिहायचे आणि चित्रकारांना द्यायचे. चित्रकार बदलत राहिले, त्यामुळे त्यांचा चेहरा गोष्टीगणिक वेगळा दिसतो, तरी माणूस तोच वाटतो. का? त्यांची तक्रार करण्याची पद्धत एकच आहे. किराणा दुकानात कुठल्या रांगेत उभं राहावं, पुढे घासाघीस करणारी म्हातारी आहे की नाही, एवढ्यावर एक आख्खी गोष्ट आहे, रॉबर्ट क्रम यांनी काढलेली. युक्ती म्हणाल तर सरळ आहे. तोच कोन, तीच चौकट, पुन्हा पुन्हा. बदलतं ते एकच काहीतरी. हात, भुवई, ट्रॉलीतली वस्तू. वाचकाचा डोळा तो बदल शोधायला लागला की त्याला कंटाळा येत नाही. तुमचं बिल तपासण्याचं पान असं करून बघा. सहा सारख्या चौकटी, टेबल, दिवा, मोहनचं डोकं, आणि फक्त पेन सरकतंय. पाचव्या चौकटीत पेन थांबतं. सहाव्यात त्याला स्वतःची सही दिसते, आपल्याला नुसती त्याची पाठ.

एक इशारा देतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. या सगळ्याचा अतिरेक होतो. कंडक्टरची गोष्ट गाजल्यावर मी दोन-तीन वर्षं नुसत्या गरीब, प्रामाणिक, चिंताक्रांत माणसांच्या गोष्टी काढत होतो. रिक्षावाला, पोस्टमन, नर्स. सगळे भले. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "बाबा, तुझी माणसं कधी खोटं बोलत नाहीत का?" बोलतात की. फिल शेल्डन वीट फेकतो. पीकर चिडके आणि चिकट आहेत आणि ते लपवत नाहीत. मोहनला एक लहानसा खोटेपणा द्या. लोकलचा पास संपून दोन दिवस झालेत आणि तो तसाच येतोय, एवढंही पुरे. दुसऱ्याच्या बिलावर बोट ठेवायला निघालेला माणूस दादरच्या पुलावर टीसी दिसला की वाट वाकडी करतो. हे त्याचं त्यालाच टोचलं पाहिजे.

22 पानं फेकून देऊ नका. माझ्या अंदाजाने त्यातली पंधरा-सोळा राहतील, क्रम बदलेल. पान 3 नव्याने काढा, चौथ्या सीटसह. पान 8 वर फुगा खोडून बिस्किट घाला. पान 19 उचलून पान 4 च्या जागी आणा, आणि तिथून पुढचं रफ इंक न करता आधी थंबनेलमध्ये, म्हणजे अगदी छोट्या कच्च्या चौकटींत चालवून बघा. त्याआधी एका कागदावर मोहनचा महिना लिहून काढा. पगार कधी होतो, हप्ता कधी जातो, 22 तारखेला खिशात किती उरतात. कॉमिकमध्ये हा आकडा कुठेही छापायचा नाही. पण तो तुम्हाला रुपयापर्यंत ठाऊक असू दे, आणि नवीन पान 3 इथे टाकाल तेव्हा पानासोबत तो आकडाही लिहा. आधी तो बघेन, मग चित्र.